नाक मुरडणे: वाक्यात उपयोग करा

नववीच्या वर्गाची मागची खिडकी आम्ही बाराही महिने बंद ठेवत असू. उन्हाळ्यात वरचे पत्रे तापायचे, पोरींच्या कपाळावरून घाम ओघळायचा, पंखा नुसता करकरत राहायचा, तरी ती खिडकी उघडा असं कोणी म्हणायचं नाही. खिडकीच्या पलीकडे मुलींचं संडास होतं. वारा त्या बाजूनं आला की बंद खिडकीच्या फटींतूनसुद्धा वास आत शिरायचा. आंबट, जुना, भिंतीत मुरलेला वास. मी त्या शाळेत रुजू झाले तेव्हा घरी गेल्यावर साडीलाही तो वास येतोय असं वाटायचं आणि मी आधी न्हाणीत जायची. पुढे पुढे वाटेनासं झालं. वासाची सवय होते, हे आता आठवलं की मला वासापेक्षा त्या सवयीचीच जास्त किळस येते.

शाळा बुलढाणा जिल्ह्यातल्या एका मोठ्या खेड्यात. गावाचं नाव सांगत नाही. मी मेहकरला राहायची आणि रोज एस.टी.नं जायची-यायची. मराठी शिकवायची, आठवी ते दहावी. माझं माहेर देऊळघाटचं, आम्ही बौद्ध, वडील पोस्टात होते. हे मी एरवी सांगितलं नसतं, पण पुढे जे झालं त्याच्यात ते सांगावं लागतं.

त्या दिवशी नववीत वाक्प्रचार शिकवत होते. फळ्यावर लिहिलं, ‘नाक मुरडणे’. म्हटलं, अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा.

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी लगेच उठली. उंच, किडकिडीत, दोन घट्ट वेण्या, बोलायला धीट. गावाच्या टोकाला आमच्या समाजाची वस्ती आहे, तिथली. आईवडील दोघंही शेतात मजुरीला जायचे.

“मॅडम, आमी संडासजवळून जातो तवा नाक मुरडतो.”

वर्ग हसला. तेवढ्यात दारातून आवाज आला, “तवा भाकरीचा असतो बाळ. बोलताना तेव्हा म्हणावं.”

मुख्याध्यापक होते. त्यांना असं दारात उभं राहायची सवय होती. ते शिकायला काही वर्षं पुण्यात होते आणि तिथून शुद्ध बोलणं घेऊन आले होते. कोणी ‘मले’ म्हटलं की ते ‘मला’ म्हणून सांगायचे, कोणी ‘काऊन’ म्हटलं की ‘का’. रागावून नाही, हसून. त्यांच्या चेहऱ्यावर सतत एक हसू असायचं, पाव्हण्यांसमोर ठेवलेल्या पानसुपारीसारखं. पोरं चिडायचीही नाहीत, नुसती गप्प व्हायची. ती मुलगीही खाली बसली. सर हसत पुढे गेले.

मी तिला पुन्हा उभं केलं. म्हटलं, “तेव्हा का तवा ते राहू दे. तुझं वाक्य वेगळ्या कारणानं चुकलं. संडासचा वास आला तर आपण काय करतो?”

“नाकाले रुमाल लावतो.”

“बरोबर. नाक दाबतो, तोंड फिरवतो, थुंकतो. ते सगळं घाणीमुळे होतं. घाण खरीच असते. नाक मुरडायला समोरची गोष्ट घाण असावी लागत नाही. कोणी प्रेमानं भाकर वाढली आणि आपण ‘शी, ज्वारीची’ म्हणून तोंड केलं, तर ते नाक मुरडणं. त्या भाकरीत काही वाईट नसतं. आपण तिच्यापेक्षा मोठे आहोत असं आपल्याला वाटत असतं.”

तिनं जरा विचार केला. “म्हंजे ज्याले कमी समजतो त्याच्याकडे पाहून नाक मुरडतात.”

“हो. असंच.”

मग वाक्यांची रांग लागली. कोणाची मामी चुलीवरच्या भाजीला नाक मुरडत होती, कोणाची वहिनी माहेरून आलेल्या लुगड्याला. तास चांगला गेला. मला वाटलं होतं की विषय तिथे संपला.

त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा मुलींच्या संडासात गेले. शिक्षिकांसाठी कार्यालयाच्या बाजूला वेगळं संडास होतं, त्याला कुलूप होतं आणि किल्ली विज्ञानाच्या मॅडमच्या पर्समध्ये असायची. त्या दिवशी त्या रजेवर होत्या आणि किल्ली त्यांच्याबरोबर घरी गेली होती. मी दुपारपर्यंत धरून ठेवलं. मग गेले.

चार संडास होते. एकाच्या आत मोडकी बाकं कोंबलेली. एकाला दारच नाही, एकाचं उघडेना. चौथ्याला कडी नव्हती, पण ते निदान उघडत होतं. आत पाय ठेवला आणि माझ्या घशाशी आलं. भांडं वरपर्यंत भरलेलं होतं आणि त्याच्यावर काहीतरी हलत होतं. अळ्या होत्या. कोपऱ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले, काही न गुंडाळलेलेच पॅड, त्यांच्यावर माशांचा थर. बूड नसलेला मग. नळ फिरवला तर आतून नुसती हवा आली. वरच्या टाकीत पाणी चढवायची मोटार कधी जळाली होती ते कोणालाच आठवत नव्हतं.

मी पदर नाकाशी धरून बाहेर आले. शाळेमागच्या बाभळीखाली उभी राहून उलटी केली. तिथे दोन पोरी आल्या, त्यातली एक तीच, दोन वेण्यांची.

“मॅडम, तुमी तिथी काऊन गेल्ता?” तिनं विचारलं. “आमी कोनी जात नाही.”

“मग कुठे जाता?”

“कुठीच नाही. आमी पानीच पेत नाही शाळेत. घरी गेल्यावर जातो.”

नववी-दहावीच्या पोरी. सकाळी घरून निघून संध्याकाळी घरी. मी त्यांना रोज बघत होते आणि पाणी न पिता बसणाऱ्या पोरी मला कधी दिसल्या नव्हत्या. दुखतं का, जळजळतं का, असं मी हळू विचारलं तर दोघींनी मान खाली घातली.

मी तशीच मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. मी काय पाहिलं ते सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला. “मॅडम, चहा येतोय. वर्णन नको.” आणि हसले. “मला कल्पना आहे. मुलींना वापरायचं वळण नाही. आपण बघू.”

बघायची वेळ त्यांच्यावर लवकरच आली. तालुक्याहून शाळेची स्वच्छता पाहायला पथक येणार असल्याचं कळलं. शाळेत धावपळ सुरू झाली. भिंतींना चुना लागला, वऱ्हांड्यात सुविचार रंगवले गेले, कुंड्या कोणाच्या तरी अंगणातून उचलून आणल्या. शनिवारी मला निवडणुकीच्या कामाच्या बैठकीला मेहकरलाच थांबावं लागलं. सोमवारी शाळेत आले तर नववीची मागची खिडकी उघडी होती.

मी वर्गात थबकले. खिडकीतून फिनेलचा वास येत होता. बाहेर पाहिलं तर संडासच्या पायऱ्या पांढऱ्या झाल्या होत्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, माझ्या बोलण्याचा उपयोग झाला. मी पोरींना विचारलं, “कोणी केलं हे? माणूस लावला होता का?”

दोन वेण्यांची मुलगी हात बाकाखाली धरून बसली होती. तिच्या शेजारच्या पोरीनंही तेच केलं होतं. मी जवळ गेले. “हात दाखव.”

तिनं हात वर ठेवले. बोटांच्या टोकांची साल गेली होती. मध्ये मध्ये लाल चट्टे.

“अ‍ॅसिडनं झालं,” ती म्हणाली. “शनवारी आमाले थांबवलं ना. बाटली देल्ली, खराटा देल्ला. पानी हापशीवरून आनलं आमी.”

“आम्ही म्हणजे कोण कोण?”

तिनं मान फिरवून एकेकीकडे पाहिलं. मी तिच्या नजरेमागे पाहत गेले. आठवीतल्याही काही होत्या, त्यांची नावं तिनं सांगितली. सगळ्या एकाच वस्तीतल्या. एकही मुलगी गावातली नव्हती.

“अन् बाकीच्या?”

“त्यायले रांगोळी काढाले लावली.”

तिच्या शेजारची मुलगी तेव्हा पहिल्यांदा बोलली, बाकाकडे पाहतच. “मले उलटी झाली, मॅडम. तवा सर आले पाहाले. म्हणले, तुम्हाला सवय असेल, घाण वाटून घेऊ नका. अन् हासले.”

“हाताचा वास जात नाही,” दोन वेण्यांची म्हणाली. “साबनानं धुतला, राखेनं घासला. जेवाले बसलं का वास येते. मी काल डाव्या हातानं खाल्लं, तर त्यालेबी येते.”

आता हे लिहिताना शब्द शोधावा लागतो. तेव्हा शब्द नव्हता. संडासातल्या अळ्या पाहून जे झालं होतं तेच झालं, पण त्या वेळी निदान बाभळीखाली जाऊन मोकळं होता आलं होतं. माझे वडील शाळेत होते तेव्हा त्यांना आणि त्यांच्या वस्तीतल्या पोरांना मैदान झाडायला लावत, हे ते आम्हाला जेवताना सांगायचे. ती मला फार जुनी गोष्ट वाटायची, कंदिलाच्या काळातली. आणि इथे माझ्याच वर्गातल्या पोरी माझ्यासमोर हात पसरून बसल्या होत्या.

मधल्या सुट्टीत मी कार्यालयात गेले.

“सर, शनिवारी मुलींकडून संडास धुऊन घेतलं?”

“श्रमदान,” ते म्हणाले. “बसा ना.”

“सगळ्या एकाच वस्तीतल्या मुली कशा?”

“असं काही नाही. ज्या कामसू आहेत त्यांना सांगितलं. गावातल्या मुली नाजूक आहेत, त्यांचे आईबाप लगेच भांडायला येतात.” मग त्यांनी खुर्ची जरा पुढे सरकवली आणि आवाज मऊ केला. “मॅडम, तुम्ही त्याच्यात नको ते शोधताय. मी जातपात मानत नाही. तुमच्या डब्यातली चटणी मी खातो की नाही?”

ते खात होते. शेंगदाण्याची चटणी मी आणली की ते स्टाफरूममध्ये येऊन मुद्दाम सगळ्यांसमोर मागून घ्यायचे. मला ते बरं वाटायचं. त्या क्षणी मला कळलं की ते चटणी खात नव्हते, दाखवत होते. ती खाताना त्यांच्या मिशीला लागणारा तिखटाचा लाल कण मला दिसायला लागला आणि मी उठले.

“सर, त्यांचे हात भाजलेत. डॉक्टरला दाखवायला हवं.”

“उद्या पथक येऊन जाऊ द्या,” ते हसत म्हणाले. “मग सगळं करू.”

मी त्याच दिवशी दोन्ही पोरींना गावातल्या दवाखान्यात नेलं, मलम घेऊन दिलं. एवढंच केलं. विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, “अहो, आमच्या सासूबाईसुद्धा सांगतात, त्यांच्या वेळी मुली शाळा झाडायच्या, सारवायच्या. त्यानं मुलं घडतात.”

“तुमच्या मुलीला लावाल संडास धुवायला?”

“ती इथे नाही ना शिकत,” त्या म्हणाल्या. त्यांना माझा प्रश्न खरंच कळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पथक आलं. एक मोठे साहेब, त्यांच्याबरोबर दोघं. कुंड्या पाहिल्या, सुविचार वाचले, संडासात जाऊन मोबाइलवर फोटो काढले. मग वर्ग पाहायला निघाले. नववीत आले तेव्हा माझाच तास होता. मुख्याध्यापक त्यांच्या मागे उभे राहिले.

“काय चाललंय?” साहेबांनी विचारलं.

“वाक्प्रचार, साहेब.”

“छान. कोण सांगतं? नाक...” ते फळ्यावर मी उजळणीसाठी लिहिलेली यादी वाचत होते. “नाक मुरडणे. वाक्यात उपयोग करा.”

बरेच हात वर गेले. साहेबांनी सगळ्यांत उंच हाताकडे बोट केलं. ती उभी राहिली. मलम लावलेली बोटं तिनं पाठीमागे धरली. एकेक शब्द जपून, एकदम शुद्ध बोलली.

“मुख्याध्यापक सरांनी आमच्याच वस्तीतल्या मुलींना संडास धुवायला लावलं, तेव्हा सरांनी नाक मुरडलं नाही, सर हसत होते.”

साहेबांचा फोन खणखणला होता, ते त्याच्यात पाहत होते. त्यांनी तो बंद करून खिशात ठेवला आणि मान डोलावली.

“व्वा! चांगलं मोठं वाक्य केलं. नकारार्थी केलं. शाब्बास.” आणि मुख्याध्यापकांकडे वळून, “मराठी चांगलं आहे तुमच्या मुलींचं.”

“मॅडम घेतात मेहनत,” मुख्याध्यापक म्हणाले. ते तेव्हाही हसत होते.

ती मुलगी उभीच होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. आपलं वाक्य पुन्हा चुकलं की काय, असं पाहत होती.

मी म्हटलं, “साहेब, ती काय म्हणाली ते ऐकलं का तुम्ही?”

साहेब दारात थांबले. “ऐकलं ना. बरोबर आहे वाक्य.”

“वाक्य बरोबर आहेच. पण ती खरं सांगतेय. शनिवारी हे झालंय. या मुलींकडूनच धुऊन घेतलं. तिचे हात बघा.”

साहेबांच्या कपाळावर आठ्या आल्या. हात त्यांनी बघितले नाहीत. “हे बघा मॅडम, आम्ही स्वच्छता पाहायला आलो आहोत. संडास आम्ही पाहिलं. स्वच्छ आहे.”

“स्वच्छ कोणी केलं ते सांगतेय ती.”

साहेब मुख्याध्यापकांना हळूच म्हणाले, “जरा बघून घ्या हे,” आणि सगळे जेवायला गेले. कार्यालयात पुरी-भाजी, जिलेबी, मठ्ठा असा बेत होता. शिक्षकांनाही बोलावणं होतं. मी स्टाफरूमच्या दारातून पाहिलं. साहेब जिलेबी मोडत होते आणि मुख्याध्यापक आपल्या हातानं त्यांना आणखी वाढत होते, “घ्या साहेब, घ्या, गरम आहे.” पाकाचे थेंब टेबलावर पडत होते. माशा येत होत्या. मला तिकडे बघवेना. त्या दिवशी मी डबाही उघडला नाही.

बुधवारी सकाळी प्रार्थना संपता संपता त्या मुलीची आई आली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. डोक्यावर पदर, पायात रबरी चपला, सोबत वस्तीतल्या चार-पाच बाया. शेतावर जायच्या कपड्यांतच आल्या होत्या. त्या थेट कार्यालयात शिरल्या. मुख्याध्यापक उठून उभे राहिले.

“या ताई, या. बसा.”

“खुर्ची नको,” ती म्हणाली. मी दारात उभी होते, तिनं मला पाहिलं आणि पुन्हा त्यांच्याकडे वळली. “माह्या पोरीले सवय हाय म्हणले तुमी. कायची सवय?”

“ताई, तुमचा काहीतरी गैरसमज...”

“माह्या घरी संडास हाय. आमी आमचं धुतो. तुमचं कोन धुते?”

“तसं नाही हो, ते श्रमदान...” ते हसले.

“पहिले हासनं बंद करा,” ती म्हणाली.

आवाज चढवला नव्हता तिनं. पण ते हसू गेलं. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा त्या हसूशिवाय पाहिला नव्हता. खाली काही रागबिग असेल असं वाटलं होतं. काहीच नव्हतं. वैतागलेला, भूक लागलेला एक माणूस होता नुसता. मला त्याचीच जास्त शिसारी आली.

तिचं म्हणणं एवढंच होतं की सरांनी सगळ्या पोरांसमोर, प्रार्थनेच्या वेळी, चुकलं म्हणावं. ते म्हणाले, बघतो. दुसऱ्या दिवसापासून ते रजेवर गेले. बाया पुन्हा आल्या, शाळेच्या फाटकाशी बसल्या. गावातली माणसं बघायला जमू लागली तेव्हा संस्थेचे अध्यक्ष गाडी घेऊन आले. त्यांनी मुख्याध्यापकांना घरून बोलावून घेतलं. मलाही आत बोलावलं. “मॅडम, तुम्ही शिकल्या-सवरलेल्या. साहेबांसमोर बोलायची काय गरज होती? आमच्याजवळ बोलायचं.”

“सरांजवळ बोलले होते,” मी म्हटलं. “त्यांनी चटणीचं सांगितलं.”

अध्यक्षांना ते कळलं नाही आणि मी समजावून सांगितलं नाही.

शेवटी प्रार्थनेला सर उभे राहिले. बाया फाटकाच्या आत, निंबाखाली. सर अगदी स्वच्छ, वळणदार मराठीत म्हणाले, “अनवधानाने माझ्याकडून कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील, तर मी दिलगिरी व्यक्त करतो.” आणि खाली बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही ते पोरांना कळेना. काहींनी वाजवल्या.

वर्गात गेल्यावर दोन वेण्यांच्या मुलीनं विचारलं, “मॅडम, अनवधान म्हंजे काय?”

“लक्ष नसणं. आपलं लक्ष नसताना जे होतं ते.”

“पन सराचं लक्ष तर होतं. ते पाहाले आल्ते.”

“हो.”

“मंग शब्द चुकला.”

“चुकला,” मी म्हटलं. व्याकरणाच्या वहीत अशा चुकीला कुठे खूण करावी ते मला माहीत नव्हतं.

त्यानंतर मोटार बसली. टाकीत पाणी चढू लागलं. बैठकीत मी म्हटलं की शिक्षिकांच्या संडासचं कुलूप काढा. कोणीच हो म्हटलं नाही, कोणी नाहीही म्हटलं नाही. मग मीच किल्ली मागून घेतली आणि कुलूप काढून कार्यालयाच्या टेबलावर ठेवलं. विज्ञानाच्या मॅडम बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. सफाईला एक बाई लावली गेली. ती कुठल्या वस्तीतून आली ते वेगळं सांगायला नको. ती पगार घेऊन काम करत होती, हातमोजे मागून घेत होती, तेवढा फरक होता. तो कमी आहे असं म्हणणार नाही. पण तिला खराटा घेऊन मागे जाताना पाहिलं की मी दुसरीकडे बघायची.

पुढच्या वर्षी माझं वेळापत्रक बदललं. आठवी ते दहावी काढून घेतली, पाचवी-सहावी आणि ग्रंथालय दिलं. कारण कोणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. पाचवीच्या पोरांना शिकवायला मजा येते. ती ‘मले’ म्हणतात, मीही म्हणते.

काही वर्षांनी मुख्याध्यापक निवृत्त झाले. समारंभ ठरला. अध्यक्षांचा फोन आला, “मॅडम, मानपत्र तुम्हीच लिहा. तुमच्यासारखी भाषा कोणाची नाही. मनमिळाऊ, हसतमुख, असं काहीतरी येऊ द्या.”

मी म्हटलं, “मला नाही जमणार.”

“काऊन?” अध्यक्ष गावचेच होते.

“मला ते शब्द वाक्यात वापरता येत नाहीत.”

त्यांना वाटलं मी आळस करतेय. मानपत्र विज्ञानाच्या मॅडमनी लिहिलं. त्यात हसतमुख होतं असं ऐकलं. मी त्या दिवशी रजा टाकली आणि माहेरी गेले. वडील अंगणात बसले होते. त्यांना सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी विचारलं, “त्या पोरीचं काय झालं?”

तिचं चांगलं झालं. मागच्या हिवाळ्यात ती मला बुलढाण्याच्या बसस्थानकावर भेटली. मी ओळखलंच नाही, तीच पळत आली. वेणी एकच होती आता, पांढरा कोट पिशवीत कोंबलेला. नर्सिंगला आहे, वसतिगृहात राहते. आम्ही बाकड्यावर बसलो, भजी खाल्ली. ती सांगत होती, दवाखान्यात काय काय उपसावं लागतं, जखमा, पू, बिछान्यातली घाण. मी विचारलं, “घाण नाही वाटत?”

“वाटते ना मॅडम. काऊन नाही वाटणार? पन पाळ्या हायेत. सगळ्यायची पाळी येते.” मग तिला काहीतरी आठवलं आणि ती हसायला लागली. “आमच्या वसतिगृहात संडासच्याबी पाळ्या हायेत. एक पोरगी हाय, लय मोठ्या घरची. तिची पाळी आली का तिचं डोकं दुखते. मले म्हणे, तू करून टाक ना माझ्या वाटचं, तुला काय.”

“मग?”

“मंग काय! खराटा तिच्या हातात देल्ला अन् दारात उभी राह्यली. धुतलं तिनं. ओकाऱ्या देत देत धुतलं.”

ती पोट धरून हसत होती. तिच्या गाडीची घोषणा झाली, तिनं उरलेली भजी कागदासकट पिशवीत टाकली आणि गर्दीतून वाट काढत गाडीकडे धावली.